फोटोतलं हरवलेलं आभाळ परत येतं का?

पावसाळी सहली आटोपल्या आणि इंदूरच्या वाचकांचे फोटो यायला लागले. कुणी मांडूला जाऊन आलंय, कुणी महेश्वरला. तक्रार बहुतेकांची एकच, की डोळ्यांनी पाहिलं ते फोटोत उतरलं नाही, ते एडिटिंगमध्ये काढता येईल का? फोटोत दबून राहिलेलं असेल ते वर येतं. जे कॅमेऱ्याने टिपलंच नाही ते येत नाही. यातलं आपल्या फोटोत काय झालंय हे आधी बघावं, म्हणजे स्लायडरशी झटापट करण्यात संध्याकाळ जात नाही.

महेश्वरला घाटावरून सूर्यास्ताचा फोटो घेतला. पायऱ्या, नावा, किल्ल्याची भिंत छान आली, पण आभाळ पांढरं फटक. हायलाइट्सचा, म्हणजे उजळ भागाचा, स्लायडर पूर्ण खाली ओढला तर ते राखाडी झालं. ढग कुठे गेले? (सुदामानगर)

तुमचा फोटो जेपेग आहे, म्हणजे कॅमेऱ्याने आवळून साठवलेली नेहमीची फाइल. जेपेगमध्ये लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगाची पातळी ० ते २५५ मध्ये नोंदली जाते. उजेड फार झाला की तिन्ही रंग २५५ ला जाऊन टेकतात आणि ढग असो की ढगांमागचं आभाळ, सगळ्यांची नोंद एकसारखीच होते. मग स्लायडर ओढून २५५ चे २१० झाले तरी ते सगळीकडे सारखेच. तुम्हाला दिसला तो राखाडी पत्रा हाच.

तरी निराश होण्याआधी एक पाहा. सूर्यास्ताच्या वेळी तांबूस आभाळात लाल रंग आधी भरून जातो, निळा बराच मागे असतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा एकूण उजेड, दोन स्टॉप खाली आणा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) आणि क्षितिजाजवळचा भाग मोठा करून बघा. ढगांची एखादी कड जरी उमटली तरी तिथे अजून काही शिल्लक आहे. तुमच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात, नावांच्या वरच्या बाजूला अशी कड आहे. तेवढ्याच भागावर मास्क टाकून (म्हणजे बदल तेवढ्याच भागापुरता ठेवून) हायलाइट्स कमी करा, बाकीचं आभाळ उजळ राहू द्या. सगळं आभाळ ओढाल तर चांगला भागही मळकट होईल.

हाच फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची मूळ नोंद जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये, असता तर साधारण एखाद्या स्टॉपइतका उजेड परत मिळाला असता. पुढच्या वेळी मोबाइलवर आभाळातल्या सगळ्यात उजळ ढगावर बोट टेकवा आणि एक्स्पोजर थोडं खाली घ्या. पायऱ्या काळपट दिसतील, दिसू द्या. काळोखातलं बरंचसं नंतर वर काढता येतं, जळालेलं पांढरं येत नाही.

मग अ‍ॅपमधून नवं आभाळच बसवलं तर? (रामबाग)

बसवता येतं, पण मला ते पटत नाही. पाण्यात जुन्या आभाळाचं प्रतिबिंब तसंच राहतं, सावल्या एका दिशेला आणि सूर्य दुसरीकडे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती संध्याकाळ तुमची राहत नाही. लग्नपत्रिकेसाठी वगैरे करायचं असेल तर जरूर करा, पण सहलीच्या अल्बममध्ये नको.

मांडूचा जहाज महाल तलावाच्या काठावरून टिपला. सूर्य समोर होता, महाल काळा आला. शॅडोज, म्हणजे अंधारे भाग, वाढवल्या तर कमानी दिसल्या, पण सगळीकडे लाल-हिरवे ठिपके. (लोकमान्यनगर)

हे ठिपके म्हणजे नॉइज. अंधाऱ्या भागात सेन्सरवर प्रकाश मुळातच कमी पडतो, त्यामुळे नोंदही विरळ असते. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये एकूण १६३८४ पातळ्या असतात. त्यातल्या निम्म्या, म्हणजे ८१९२, सर्वांत उजळ स्टॉपच्या वाट्याला जातात, पुढच्याला ४०९६, असं निम्मं-निम्मं होत सहाव्या स्टॉपपर्यंत २५६ उरतात. तुमच्या कमानी तिथेच कुठेतरी आहेत, आणि जेपेगमध्ये त्याहूनही कमी हाती लागतं.

आधी रंगीत नॉइज कमी करा. त्याने तपशील फारसा जात नाही, ठिपके मात्र बसतात. मग शॅडोज शंभरवर नेण्याऐवजी कर्व्ह, म्हणजे उजेडाची आलेखरेषा, मधोमध धरून हलकेच उचला आणि शेवटी ब्लॅक्स, म्हणजे सर्वांत काळे भाग, थोडे खाली घ्या. महालाची बाहेरची भिंत उजळली की पुरे. कमानींच्या आत अंधारच असतो, आणि तो राहिला तरच महालाला खोली येते. तिथे पुन्हा जाणं झालं तर कॅमेरा स्थिर ठेवून एकाच दृश्याचे चार फोटो घ्या. त्यांची सरासरी काढली की नॉइज निम्म्यावर येतो.

रूपमती मंडपावरून निमाडचं खोरं दिसत होतं, फोटोत नुसता दुधी पडदा आलाय. डीहेज (धुरकटपणा कमी करणारा स्लायडर) वाढवलं तर रंग भडक झाले आणि डोंगरांच्या कडेला पांढरी रेघ आली. (राजेंद्रनगर)

तुम्ही तीन फोटो पाठवलेत आणि तिन्हींची गोष्ट वेगळी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हवेतले धूळ-बाष्पाचे कण उन्हाचा उजेड विखुरतात. लांबच्या डोंगराकडून येणारा प्रकाश वाटेत कमी होतो आणि त्यात हा विखुरलेला उजेड मिसळतो. अंतर वाढेल तसा हा थर दाट. म्हणून मंडपाचा दगड ठसठशीत दिसतो, खालची शेतं फिकी आणि पलीकडची रांग जवळजवळ आभाळाच्या रंगाची. डीहेज हा मिसळलेला उजेड वजा करायचा प्रयत्न करतं. आणि सगळ्या फोटोवर एकदम चालवलंत की ज्या दगडाला गरज नव्हती तोही काळवंडतो.

पहिल्या फोटोत शेतांचे चौकोन मोठं करून पाहिल्यावर ओळखू येतात. हा फोटो सुधारेल. क्षितिजापासून खाली येणारा ग्रेडियंट (हळूहळू विरत जाणारा) मास्क टाका, त्यात डीहेज २० ते ३०, त्याहून जास्त नको. लगेच सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, थोडं कमी करा, कारण डीहेजबरोबर निळा रंग उसळतो. कडेची पांढरी रेघ दिसायला लागली की हात आवरा. स्नॅपसीड हे मोबाइलवरचं एडिटिंग अ‍ॅप वापरत असाल तर कर्व्हचं खालचं टोक किंचित उजवीकडे सरकवा, पडदा बराच विरतो.

दुसऱ्या फोटोत खोऱ्यात ढगच उतरलाय. त्यापलीकडचा प्रकाश कॅमेऱ्यापर्यंत पोचलेलाच नाही, तेव्हा काढणार काय?

तिसरा मात्र मला फार आवडला. मंडपाची छत्री, खाली धुकं, मध्येच एक झाड. श्रावणातलं मांडू असंच असतं, त्यासाठीच तर इंदूरहून माणसं भल्या पहाटे निघतात. त्याला डीहेज लावू नका. उलट व्हाइट्स जपा आणि छत्रीचा काळा तेवढा गडद करा.

मावसभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या पातालपाणीच्या फोटोचा १२ बाय १८ इंच प्रिंट काढायचाय. शार्पनिंग किती ठेवू? (टिळकनगर)

शार्पनिंग नंतर, आधी मावसभावाला फोन करा. एचडी न निवडता पाठवलेल्या फोटोची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास उरते, १८ इंचांत इंचाला ९० पिक्सेलसुद्धा पडत नाहीत. निदान २०० हवेत. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा, ती जशीच्या तशी येते. धबधब्याच्या पांढऱ्यातले धागेही त्यातच सापडतील.

१९८८ साली आई-बाबा पचमढीला गेले होते. धूपगडावरचा त्यांचा फोटो आता पूर्ण लालसर झालाय, मागच्या दऱ्या दिसतच नाहीत. स्कॅन करून काही होईल? (स्नेहलतागंज)

होईल. रंगीत प्रिंटमध्ये तीन रंगांचे थर असतात. त्या काळच्या पुष्कळ कागदांवर निळा-हिरवट थर अल्बमच्या अंधारातही सर्वांत आधी विरतो, म्हणून लाली उरते. स्कॅन १६ बिट टिफमध्ये (जेपेगपेक्षा जास्त पातळ्या नोंदवणारी फाइल) करा आणि एडिटिंगमधल्या लेव्हल्स या साधनात लाल, हिरवा, निळा असा एकेक चॅनल स्वतंत्र घ्या. लाल चॅनलचा हिस्टोग्राम (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड दाखवणारा डोंगरासारखा आलेख) सगळा उजवीकडे सरकलेला दिसेल, डावीकडे मोकळी जागा. काळं टोक उचलून आलेखाचा डोंगर जिथे सुरू होतो तिथे आणून ठेवा. एवढ्यानेच झाडं हिरवी दिसायला लागतात. मग हिरवा आणि निळा चॅनलही असाच बघा.

पण त्याआधी घरात निगेटिव्ह शोधा. प्रिंटमध्ये पांढऱ्या पडलेल्या दऱ्या निगेटिव्हमध्ये बहुतेक वेळा शाबूत असतात, कारण कागदापेक्षा फिल्म उजेडाचा कितीतरी मोठा पल्ला धरून ठेवते. अल्बमच्या मागच्या खिशात, स्टुडिओच्या पाकिटात, ट्रंकेत बघा. पट्टी सापडली तर कडेने धरा, पुसू नका, आणि फिल्म स्कॅनर असलेल्या स्टुडिओत द्या. घरीच करायचं असेल तर टॅबलेटवर पांढरा पडदा उघडा, पट्टी त्याच्यापासून दोन-तीन इंच वर धरून ठेवायची सोय करा, म्हणजे पडद्याचे पिक्सेल फोटोत येणार नाहीत, आणि जवळून रॉमध्ये फोटो घ्या. डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये निगेटिव्ह उलटवण्यासाठी निगाडॉक्टर नावाचं साधन आहे. काढलेली फाइल मलाही पाठवा, रंग मी बघून देईन.