भुशीला जाऊ की नको?

प्रश्न : ताई, जुलैमध्ये आम्ही सोलापूरहून भावाकडे पुण्याला आठवडाभर येतोय. रविवारी लोणावळ्याला जाऊन भुशी धरणावर भिजायचं, असं मुलांनी (वय ९ आणि १३) ठरवूनच टाकलंय. सोबत सासूबाई आहेत, वय ६६, पण चालायला खमक्या. भावजय म्हणते, जाऊ नका. तुमचं काय मत?

उत्तर : भावजयीचं ऐका. रविवारी तर अजिबात जाऊ नका.

हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण माझं लहानपण भुशीवर गेलंय. वडील रेल्वेत होते, आमचं क्वार्टर लोणावळ्यात. हे धरण सहलीसाठी नव्हतंच मुळी. १८६०च्या दशकात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून ते बांधलं. वडील त्याला ‘आपलं धरण’ म्हणायचे. शाळा लवकर सुटली की आम्ही तिकडे पळायचो आणि पायऱ्यांवरून उतरणारं पाणी पाठीवर घेत बसायचो. आसपास फार तर पाच-पन्नास माणसं.

गेल्या पावसाळ्यात भाचीच्या हट्टापायी शनिवारी गेले. बाजारापासून धरणापर्यंत गाडीला सव्वादोन तास लागले. पायऱ्यांवर मुंगी शिरायला जागा नव्हती, म्हणून भाची शेवाळलेल्या कडेला बसली. दहा मिनिटांत रडतच उठली, तळपायात हिरव्या बाटलीची काच. पाणी इतकं गढूळ की काच दिसणारच नव्हती. पायाला ओढणी बांधली, तिला कडेवर घेतलं आणि गर्दीतून वाट काढत रस्त्यावर आलो. दवाखान्यात तीन टाके पडले. मला ती ओढणी अजून डोळ्यांसमोर दिसते.

आणि काच हा त्यातला लहान धोका. धरणाच्या मागच्या डोंगरातून ओहोळ थेट जलाशयात उतरतात. वर सर आली की खाली उभ्या माणसाला कळायच्या आत लोंढा येतो. ३० जून २०२४ला अशाच धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. त्यामुळे मुलं कितीही रुसली तरी त्या मागच्या धबधब्यांकडे न्यायचं नाही. एवढं माझं ऐकाच.

मग भिजायचं कुठे? भाजे गावाला जा, तिथे डोंगरात कोरलेली जुनी बौद्ध लेणी आहेत. पण मधल्या वारी. रविवारी तिथेही झुंबड असते. पुण्याहून लोणावळा लोकल पकडा आणि लोणावळ्याच्या आधीच्या मळवलीला उतरा. तिथून गावापर्यंत भाताच्या खाचरांमधून चालत चला, मुलं पुरेपूर भिजतील. पुढे लेण्यांच्या पायऱ्या. सासूबाईंना मध्ये दोनदा टेकू द्या, घाई करू नका. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट लागत नाही.

वर पोचलात की आधी मोठ्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनागृहात, शिरा. खांब नीट बघा, ते सरळ नाहीत, आत कललेले आहेत. मोठ्याला विचारा, असं का? लाकडी बांधकामात छताचा भार पेलायला खांब असे तिरपे रोवत. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दगड कोरणाऱ्यांनी सुतारांची तीच रीत उचलली. मग वर छताकडे बघा. त्या कमानी दगडाच्या नाहीत, खऱ्या लाकडाच्या आहेत आणि त्या काळापासून टिकून आहेत! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मान दुखेपर्यंत वर बघत होते. पुढे स्तूपांचा एक समूह आहे, चौदा स्तूप, काही आत आणि काही बाहेर उघड्यावर. धाकट्याला मोजायला लावा.

गुळगुळीत तळाच्या चपला नकोत, दगड ओला असतो. डबा घरूनच न्या, पण लेण्यांत उघडू नका, खाली गावात बसून खा. परतीच्या लोकलची वेळ मात्र आधी बघून ठेवा.