निकी लाउडाचं नाव आजही एवढ्या आदरानं का घेतात?

फॉर्म्युला वन मोटार शर्यतींचा तीनदा विश्वविजेता (1975, 1977, 1984) आणि 25 शर्यती जिंकलेला हा ऑस्ट्रियन ड्रायव्हर. आकड्यांत त्याच्या पुढे बरेच जण आहेत. पण मला विचाराल तर त्याचं खरं मोठेपण 1976 मध्ये दिसतं.

1 ऑगस्टला जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकवर त्याची फेरारी धडकून पेटली. मागून आलेल्या ड्रायव्हरांनीच त्याला आगीतून ओढून काढलं. चेहरा भाजला, उजवा कान बराचसा गेला, विषारी धुरानं फुफ्फुसं खराब झाली. दवाखान्यात पाद्र्यानं मरणाऱ्यासाठीची शेवटची प्रार्थनाही उरकली होती. आणि गडी सहा आठवड्यांत इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीत हजर! चौथा आला. हेल्मेटखालचं कापड काढताना ते रक्तानं पट्ट्यांना चिकटलं होतं.

पुढे हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत, जपानला फुजीच्या धो धो पावसात त्यानं स्वतःहून गाडी थांबवली आणि फक्त एका गुणानं त्या वर्षीचा किताब प्रतिस्पर्धी जेम्स हंटकडं गेला. आमच्या कोल्हापुरात खासबागेत चितपट झालेला पैलवान पुन्हा लाल मातीत उतरला की लोक उभं राहून टाळ्या वाजवतात. पण अंगात रग असताना थांबायला त्याहून मोठं काळीज लागतं, असं मला मनापासून वाटतं.

1979 ला निवृत्ती, मग स्वतःची विमान कंपनी. 1982 ला मॅक्लारेन संघातून परतला आणि 1984 चा किताब अलेन प्रॉस्टपेक्षा अवघ्या अर्ध्या गुणानं जिंकला. मोनॅकोची शर्यत पावसामुळं अर्ध्यात थांबवली होती, त्यामुळं तिथं गुण निम्मेच मिळाले. तो अर्धा तिथला.

2019 मध्ये तो गेला.