गाडीत झोप लागली तर आपलं स्टेशन आल्यावर उठवणारं अ‍ॅप खरंच भरवशाचं असतं का?

ताई, तुमचं धामणगाव-नागपूर अपडाऊन आहे, परतीच्या गाडीत वर्ध्याच्या पुढे डोळा लागतो आणि रात्री बडनेऱ्याला जाऊन उतरायची वेळ येते, असं तुम्ही लिहिलंय. मी त्याच लाइनवर पुलगावहून अपडाऊन करतो. अशी अ‍ॅप आहेत आणि ती चालतात. फक्त त्याला धामणगावला उठवायला सांगू नका, पुलगावला उठवायला सांगा. का ते सांगतो.

फोनचा साधा गजर इथे कामाचा नाही. नागपूर ते सेवाग्राम या पट्ट्यात मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई अशा दोन्ही मार्गांची वाहतूक एकत्र येते, वर चंद्रपूरकडच्या कोळशाच्या मालगाड्या. एखाद्या दिवशी गाडी सरळ निघते, एखाद्या दिवशी बुटीबोरीच्या अलीकडेच सिग्नलला उभी राहते. मग पुलगावच्या हिशेबाने लावलेला गजर सेवाग्रामलाच वाजतो, आपण तो बंद करतो आणि खरी गाढ झोप त्यानंतर लागते. म्हणून घड्याळ पाहून नाही, जागा पाहून वाजणारा गजर हवा.

असे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे ‘व्हेअर इज माय ट्रेन’. बेंगळुरूच्या एका छोट्या कंपनीने काढलेलं हे अ‍ॅप 2018 मध्ये गुगलने विकत घेतलं. बहुतेक अपडाऊनवाल्यांच्या फोनमध्ये ते असतंच, पण त्यात स्टेशनचा गजर लावता येतो हे अनेकांना ठाऊक नसतं. ते मोबाईल टॉवरवरून गाडी कुठे आहे ते ओळखतं, त्यामुळे नेट नसलं तरी चालतं. पण आपल्या भागात शेतशिवारातून टॉवर लांब लांब आहेत. एकेका टॉवरची रेंज काही किलोमीटरची, त्यामुळे गाडीची जागा कधी मागे तर कधी पुढे दिसते.

दुसरा प्रकार जीपीएसचा. प्ले स्टोअरवर ‘लोकेशन अलार्म’ शोधलं की बरीच अ‍ॅप येतात. नकाशावर आपलं स्टेशन धरायचं, भोवती गोल आखायचा, गाडी त्या गोलात शिरली की गजर वाजतो. उपग्रहाच्या सिग्नलला नेट लागत नाही, मात्र त्याला आकाश दिसावं लागतं. डब्याच्या मधोमध, गर्दीत, बॅगेच्या तळाशी फोन असेल तर तो चाचपडत राहतो. खिडकीजवळ बरं चालतं.

आता पुलगावचं. ताशी शंभरने धावणारी गाडी पाच किलोमीटर अंतर तीन मिनिटांत तोडते. तेवढ्यात जागं व्हायचं, सीटखालची चप्पल शोधायची, बॅग काढायची आणि जनरलच्या गर्दीतून दारापर्यंत पोचायचं, हे होत नाही. धामणगावचा थांबाही दोनेक मिनिटांचाच. म्हणून गोलाची कड पुलगावला टेकेल इतका तो मोठा ठेवा. हे अंतर नकाशावरचं सरळ रेषेतलं असतं, रुळाचं नाही, तेव्हा आकडा पाठ करण्यापेक्षा नकाशावर बोटाने गोल ओढून बघा. पुलगाव सुटलं की थोड्याच वेळात वर्धा नदीचा पूल लागतो, गाडीचा आवाज एकदम पोकळ होतो. पूल लागला तेव्हा तुम्ही उभ्या असाल तर काही चिंता नाही. मग तळणी, मग तुमचं धामणगाव.

लोक ‘अ‍ॅप वाजलंच नाही’ म्हणतात तेव्हा दोष बहुतेक वेळा फोनच्या सेटिंगमध्ये असतो. स्क्रीन बंद झाली की बॅटरी वाचवायला फोन मागे चालू असलेली अ‍ॅप बंद करून टाकतो. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपचं पान उघडा, बॅटरीला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा आणि लोकेशनची परवानगी ‘ऑल द टाइम’ द्या. गजराचा आवाज रिंगच्या आवाजापेक्षा वेगळा असतो, तोही वाढवून ठेवा, सोबत व्हायब्रेशन. आणि पहिली परीक्षा रात्री घेऊ नका. सकाळी जाताना, जाग्या असताना, वर्ध्याचा गजर लावून तो नेमका कुठे वाजतो ते पाहा.

रेल्वेच्या 139 वरही ‘डेस्टिनेशन अलर्ट’ची सोय आहे, पण ती पीएनआरवर चालते. म्हणजे रिझर्वेशन असलेल्या प्रवाशांसाठी. आपल्या पासवाल्यांना तिचा उपयोग नाही. कधी मुंबई-पुण्याहून रात्रीच्या गाडीने गावी याल तेव्हा मात्र जरूर वापरा.

माझा आग्रह आहे की एकट्या अ‍ॅपवर राहू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर घरच्या कुणाला तरी लाईव्ह लोकेशन पाठवत जा, 8 तासांचा पर्याय असतो. गाडी पुलगावला आली की त्यांनी फोन करायचा. माणसाचा फोन आपण गजरासारखा झोपेत बंद करत नाही. शिवाय समोर चांदूर किंवा बडनेऱ्याचं कुणी बसलेलं असतंच. ‘धामणगावला उठवाल का’ एवढं विचारायला संकोच करू नका. आपल्या लाइनवर लोक आठवणीने उठवतात. लेडीज डब्यात तर रोजच्या बायकांना कोण कुठे उतरतं ते तोंडपाठ असतं.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. गजर उशिरा वाजला, गाडी हलली, तर उतरू नका. पुलगावला एक तरुण झोपेतून दचकून उठला आणि चालत्या गाडीच्या दाराकडे धावत सुटला, ते मी पाहिलंय. दारातल्या दोघांनी शर्ट धरून मागे ओढला म्हणून वाचला. साखळीही ओढू नका. विनाकारण ओढली तर रेल्वे कायद्याच्या कलम 141 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि झोप लागली हे कारण तिथे चालत नाही. बडनेऱ्यापर्यंत निवांत बसा, घरी कळवा. रात्री स्टेशनवर एकटं वाटलं तर मदतीलाही तोच 139 आहे, 2021 पासून सुरक्षेच्या तक्रारीही त्याच नंबरवर घेतात.

तुमचा फोन कोणत्या कंपनीचा आहे ते लिहा. बॅटरीचं ते सेटिंग प्रत्येकात वेगळ्या जागी असतं, नेमकं कुठे आहे ते सांगतो.