अमेरिकेतल्या राज्यांना इंटरनेट कंपन्यांसाठी स्वतःचे कायदे करता येतात का?

हो, येतात, आणि गेल्या काही वर्षांत न्यायालयांनी त्यातले दोन महत्त्वाचे कायदे टिकू दिले आहेत. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या दूरसंचाराचं नियमन करणाऱ्या केंद्रीय आयोगाने २०१७ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीचे, म्हणजे इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या वेबसाइट आणि सेवांना सारखीच वागणूक द्यावी असे, नियम काढून टाकले आणि राज्यांनीही असे नियम करू नयेत, अशी बंदी घातली. ती सरसकट बंदी वॉशिंग्टनमधल्या अपील न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केली. तर्क साधा होता: ब्रॉडबँडचं नियमन करण्याचा अधिकार आपल्याकडे नाही असं आयोगच म्हणत असेल, तर तो अधिकार वापरून राज्यांना अडवणार कसा? कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये केलेला नेट न्यूट्रॅलिटीचा कायदा पुढे याच मुद्द्यावर टिकला. न्यूयॉर्कने तर २०२१ मध्ये थेट दराला हात घातला. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना महिना १५ डॉलरमध्ये ब्रॉडबँड द्या, असं कंपन्यांना कायद्यानेच सांगितलं. दुसऱ्या एका अपील न्यायालयाने तो २०२४ मध्ये मान्य केला, सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. माझ्या मते यातला हाच निकाल सर्वांत मोठा, कारण त्याचा फायदा थेट घरच्या बिलात दिसतो.

मर्यादा मोबाइलची आहे. स्पेक्ट्रमचे, म्हणजे मोबाइल सेवेसाठी लागणाऱ्या रेडिओ लहरींचे, परवाने केवळ केंद्रीय आयोग देतो, आणि मोबाइल सेवेचे दर ठरवायला केंद्रीय कायद्यानेच राज्यांना मनाई आहे. ग्राहकसंरक्षणासारख्या इतर अटी मात्र राज्यं तिथेही घालू शकतात.