खोकला अंगावर असताना लेहला जावं का?

तुम्ही विचारलंय की मुलगी आठ वर्षांची, ताप उतरलाय, खोकला तेवढा राहिलाय, शनिवारी पुणे-दिल्ली-लेह विमान आहे. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) दिली की चालेल ना? माझं स्पष्ट मत, शनिवारचं विमान सोडा. पैसे बुडतील, बुडू देत.

लेह ३५०० मीटरवर आहे आणि विमानाने गेलं की शरीराला सरावायला वेळच मिळत नाही. विरळ हवेत फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात, पण सगळीकडे सारख्या नाही. जिथे कमी आकसतात तिथे दाब वाढतो, केशवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि वायुकोशांत साचतं. त्यालाच हेप (HAPE, उंचीवर फुप्फुसात पाणी साचणं) म्हणतात. संसर्गाने आधीच सूज असेल तर झिरपायला आयती वाट मिळते, आणि लहान मुलांना हा धोका जास्त. डायमॉक्स डोकेदुखी, मळमळ या त्रासासाठी ठीक आहे, हेपसाठी तिच्या भरवशावर राहू नका.

आमच्या लेहच्या सहलीत एकाने निघताना असलेली कणकण पॅरासिटामॉल घेऊन दडवली होती. लेहच्या दुसऱ्या रात्री त्याला आडवं होववेना. तीन उशांना टेकून बसलेला, ओठ निळसर, पाठीला कान लावला तर आत चुरचुर आवाज. सर्दी छातीत उतरली असेल म्हणून आम्ही दोन तास वाफ देत बसलो. ते दोन तास मला अजून छळतात. ऑक्सिजन लावल्यावर तो सावरला. बराच काळ डॉक्टरसुद्धा हेपला न्यूमोनियाच समजत. १९६० मध्ये अमेरिकेच्या डॉक्टर चार्ल्स ह्यूस्टन यांनी त्याबद्दल लिहिलं, तेव्हा कुठे याकडे नीट लक्ष गेलं. हेपमध्येही बारीक ताप येतो, म्हणून घोळ होतो.

खोकला पूर्ण थांबू द्या, डॉक्टरांकडून छाती तपासून घ्या आणि मग जमलं तर श्रीनगर-कारगिल करत रस्त्याने जा. कारगिल साधारण २७०० मीटरवर आहे, तिथे मुक्काम करा. लेहमध्ये पहिले दोन दिवस नुसता आराम. पँगाँगचा मुक्काम या खेपेला नकोच, ते ४२०० मीटरच्या वर आहे.

मुलांना धाप लागलेली सांगता येत नाही. खेळणारी पोर गप्प बसून राहिली, जिना चढताना मध्येच थांबली, रात्री खोकला वाढला, तर सकाळची वाट न बघता लेहमध्येच हॉस्पिटल गाठा. ‘हेपची शंका आली की खाली उतरा’ म्हणणं सोपं आहे. पण श्रीनगरकडे निघा नाहीतर मनालीकडे, वाटेत ४००० मीटरवरची खिंड चढावीच लागते.