‘आई, तुम्ही नुसत्या बसा’

“आम्ही सासूबाईंना घरातल्या कोणत्याही कामाला हात लावू देत नाही. स्वयंपाकाला बाई आहे, केरफरशीला बाई आहे. तरीही त्या दिवसेंदिवस गप्प होत चालल्या आहेत, आणि बोलल्या तर तीच एक जुनी गोष्ट पुन्हा सांगतात. हा विस्मरणाचा आजार तर नसेल?” पर्वरीत राहणाऱ्या आणि पणजीत नोकरी करणाऱ्या एका सुनेने जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्यासमोर ही चिंता मांडली. थोड्याफार फरकाने हाच प्रश्न माझ्याकडे वारंवार येत असल्याने, त्या कुटुंबाच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे.

सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या. घरात सगळे त्यांना माई म्हणतात. दीड वर्षापूर्वी यजमान वारल्यानंतर मुलाने त्यांना फोंडा तालुक्यातील गावाकडच्या घरातून पर्वरीच्या चौथ्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये आणले. राजांगण, तुळस, विहीर आणि माजघर यांत पन्नास वर्षे वावरलेली ही बाई दोन खोल्या आणि एका गॅलरीत आली. पहिले तीन महिने त्या स्वयंपाकघरात थोडेफार करीत असत. मग एके दिवशी गॅसवर दूध ठेवून त्या गॅलरीत गेल्या, दूध उतू जाऊन ज्योत विझली आणि गॅस सुटत राहिला. शेजारणीला वास आला म्हणून अनर्थ टळला. त्या दिवसापासून त्यांचे स्वयंपाकघर बंद झाले. रागाने कोणी काही बोलले नाही. “आई, आयुष्यभर केलेत, आता तुम्ही नुसत्या बसा,” एवढेच मुलगा आणि सून म्हणाली, आणि ते दोघांनीही मनापासून म्हटले होते.

अशा प्रश्नात मी आधी शरीराकडे पाहते. वयस्क माणसाचे गप्प होणे हे पुष्कळदा दुःखाचे लक्षण असते, पण ऐकू कमी येणे, थायरॉइडचा दोष, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, झोप न लागणे किंवा एखाद्या औषधाचा परिणाम यांमुळेही माणूस बोलण्यातून मागे सरतो. माईंच्या तपासणीत डाव्या कानाने कमी ऐकू येत असल्याचे आणि ब-१२ कमी असल्याचे आढळले. दोन्हींवर डॉक्टरांनी उपाय सुरू केले. विस्मरणाच्या आजाराची शंकाही त्याच वेळी तपासून घेतली. जुनी गोष्ट पुन्हा सांगणे आणि पाच मिनिटांपूर्वी विचारलेला प्रश्न पुन्हा विचारणे, या दोन वेगळ्या बाबी आहेत. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, पैशांच्या साध्या व्यवहारात गोंधळणे, जवळच्या माणसांची नावे किंवा वस्तूंचे उपयोग विसरणे, गॅस पुन्हा पुन्हा उघडा राहणे, असे काही दिसत असेल तर वेळ न घालवता तज्ज्ञांकडे जावे. माईंच्या बाबतीत यांपैकी काहीही नव्हते. आदल्या दिवशी दूधवाल्याने दहा रुपये कमी परत केले, हे त्यांना नेमके आठवत होते. दुधाचा तो प्रसंगही एकदाच घडला होता. यजमानांच्या वर्षश्राद्धाचा विचार करीत त्या गॅलरीत उभ्या राहिल्या होत्या, हे त्यांनी मला नंतर सांगितले. घरात मात्र त्यांना तोपर्यंत हे कोणी विचारलेच नव्हते.

ज्येष्ठांमधील नैराश्य पडताळण्यासाठी १५ प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली आहे. माईंचे गुण सौम्य नैराश्याकडे झुकणारे होते. आयुष्य रिकामे वाटते का, या प्रश्नाला त्या “हो” म्हणाल्या. आत्ताच्या स्थितीत आपण निरुपयोगी आहोत असे वाटते का, या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलेच नाही, सुनेकडे पाहिले. सून तेव्हा शेजारच्या खुर्चीत बसली होती. पुढच्या भेटीपासून मी माईंशी एकटीनेच बोलू लागले.

तरी बोलणे पुढे सरकेना. “काही त्रास आहे का?” या प्रश्नाला “सगळे बरे आहे, मुले फार करतात,” हेच उत्तर येई. मग एकदा मी त्यांच्या घरी गेले. पावसाचे दिवस होते, दोरीवरून उतरवलेले दमट कपडे पलंगावर पडले होते. मी बोलत असताना माईंनी नकळत एक टॉवेल उचलला, मांडीवर सरळ केला, घडी घातली, मग दुसरा घेतला. कपड्यांचा ढीग अर्धा होईपर्यंत त्या वीस मिनिटे बोलत होत्या आणि मी मध्ये दोनदाच बोलले असेन. यजमानांचे आजारपण, गावाकडच्या घराला लागलेले कुलूप, विहिरीचे पाणी आता कोण काढत असेल, हे सारे त्यांनी माझ्याकडे न पाहता, हातातल्या कपड्याकडे पाहत सांगितले. शेवटी म्हणाल्या, “मी कपड्यांच्या घातलेल्या घड्या सूनबाई रात्री मोडून पुन्हा घालते. तिला वाटते मी झोपलेले असते.”

सुनेला हे सांगितले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. कपाटाचे खण अरुंद आहेत म्हणून ती घड्या बदलत असे, त्यात दोष दाखवण्याचा हेतू नव्हता. मला तिच्या हेतूबद्दल कधीच शंका नव्हती. परंतु माणूस आपल्या कामाचे मोल शब्दांवरून ठरवत नाही, त्या कामाचे पुढे काय होते त्यावरून ठरवतो, आणि रात्री उलगडली जाणारी घडी माईंना रोज काय सांगत होती हे उघड आहे.

येथे माझी एक चूक सांगायला हवी. माईंना जुन्या आठवणींत रस आहे हे पाहून मी नातीला सुचवले की तिने मोबाइलवर आजीची मुलाखत घ्यावी. नात आठवीत, हुशार. तिने प्रश्न लिहून काढले आणि फोन समोर ठेवला. माईंनी पदर सावरला, तीन वाक्ये बोलल्या आणि थांबल्या. आपण तपासले जात आहोत अशी भावना त्यांना झाली असावी. समोरासमोर बसवून, “आता सांगा” म्हणून, बायकांच्या या पिढीकडून फारसे काही मिळत नाही. त्यांचे सगळे महत्त्वाचे बोलणे निवडताना, खवताना, वाळवणावर राखण करतानाच झालेले आहे. हे मला आधी सुचायला हवे होते.

मग आम्ही दिशा बदलली. माईंना वेळ जावा म्हणून नव्हे, तर घराला गरज आहे म्हणून काम द्यायचे, असे ठरले. ते न झाल्यास घराचे काही अडले पाहिजे आणि झाल्यावर कोणी ते पुन्हा करू नये, एवढ्याच दोन अटी मी घातल्या. गोव्याच्या घरात रोज खोबरे लागतेच. खाली बसून आदोळीवर, म्हणजे खवणी असलेल्या विळीवर, खवणे त्यांच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते, म्हणून टेबलाला घट्ट बसवता येणारी खवणी आणली आणि सकाळचे खोबरे माईंकडे आले. दूधवाला, फुलवाला आणि इस्त्रीवाला यांचा हिशेब त्यांच्याकडे आला. कपड्यांच्या घड्या कपाटाच्या खणात मावतील अशा कशा घालायच्या, हे सुनेने त्यांना विचारून ठरवले. गॅसबद्दल मुलाची भीती मी खोडून काढली नाही, कारण ती खरी होती. ज्योत विझताच गॅस बंद होणारी शेगडी त्याने घेतली आणि पहिले काही आठवडे माई चुलीपाशी असताना घरात कोणीतरी असेल असे ठरवले.

ज्या जुन्या गोष्टीला घर कंटाळले होते, ती गोष्ट मी याच काळात पहिल्यांदा पूर्ण ऐकली. लहानपणी श्रावणात माईंची आई तवसळी, म्हणजे काकडीचा गोड केकसारखा पदार्थ, करीत असे. पावसाळ्यात पिकून पिवळे झालेले मोठे तवसे, म्हणजे काकडी, किसायचे, तांदळाचा जाडसर रवा कोरडा भाजायचा, त्यात गूळ, ओले खोबरे, मीठ आणि वेलची घालायची, आणि वेगळे पाणी घालायचे नाही, कारण किसाला सुटलेल्या पाण्यातच रवा फुलतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे यालाच धोंडस म्हणतात. आता बहुतेक घरांत हे मिश्रण वाफवतात, पण माईंच्या माहेरी ते जाड बुडाच्या भांड्यात घालून खाली मंद विस्तव आणि वरच्या झाकणावर करवंट्यांचे निखारे ठेवून भाजले जाई. झाकण उघडून पाहायचे नसे. आईने आठ वर्षांच्या मुलीला शेजारी बसवले आणि सांगितले, “वास बदलला की मला हाक मार, तू सांगशील तेव्हाच मी निखारे काढीन.” गोष्ट एवढीच. घरातल्यांना ती पदार्थाची गोष्ट वाटत होती. मला ती ऐकताना जाणवले की आपल्यावर पूर्ण भिस्त ठेवली गेल्याची ती आठवण आहे, आणि घरातले एकेक काम हातातून गेल्यापासूनच ती वारंवार वर येत होती.

वार्धक्यात मन मागे वळून आयुष्याची जुळवाजुळव करते आणि ते आजाराचे लक्षण मानू नये, असे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्येच मांडले होते. म्हणून तीच गोष्ट पुन्हा आली तर “हे सांगून झाले आहे” असे म्हणण्याऐवजी, तिच्यातला न विचारलेला भाग विचारावा, असे मी कुटुंबांना सांगते.

नातीला केक करण्याची आवड होती आणि घरात छोटा ओव्हन होता. तिनेच तवसळी ओव्हनमध्ये करू म्हणून सुचवले. पहिल्या रविवारी तिने १८० अंशांवर ४५ मिनिटे लावली, घंटी वाजताच भांडे काढले आणि तवसळी मधोमध कच्ची निघाली. तवशाला किती पाणी सुटेल हे दर वेळी वेगळे असते, त्यामुळे घड्याळ येथे फार उपयोगाचे नाही. पुढच्या रविवारी घंटी वाजली तेव्हा माई म्हणाल्या, “अजून नाही, बाय.” दहा-बारा मिनिटांनी त्यांनी मान हलवली. त्या वाट पाहण्याच्या वेळात आजी आणि नात ओव्हनसमोर शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि मुलाखतीत जे आले नव्हते ते तेथे आपोआप येऊ लागले.

मुलगा रोज वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. घराण्याचे कुलदैवत म्हार्दोळची म्हाळसा, हे त्याला ठाऊक होते. परंतु देवीचे मूळ स्थान वेर्ण्यातच होते आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा भाविकांनी मूर्ती जुवारी नदीपलीकडे, त्या वेळी आदिलशाहीत असलेल्या फोंडा महालात नेली, हे त्याने आईकडून पहिल्यांदा ऐकले. तो मला म्हणाला, “बारा वर्षे मी आमच्याच मूळ गावावरून जातो आहे.” त्यानंतर आईला सोबत घेऊन तो वेर्ण्यातल्या त्या मूळ स्थानी, जुन्या म्हार्दोळच्या देवळात, जाऊन आला. आजोबांच्या जुन्या पोर्तुगीज कागदांवर आडनाव वेगळेच का दिसते, हेही माईंनीच उलगडले; त्या लेखनात शेणवीचे सिनाय होते आणि प्रभूचे पोरोबो. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या, त्यामुळे दोन्ही काळांची लिपी आणि नावे त्यांच्या डोळ्यांखालून गेलेली होती.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रश्न मात्र नातीने विचारला. काकांनी जपलेली वंशावळ तिने आणून पाहिली आणि म्हणाली, “आजी, यात तू कुठे आहेस?” नऊ पिढ्यांच्या त्या कागदावर एकही स्त्री नव्हती. आपल्याकडच्या बहुतेक वंशावळी अशाच आहेत. शिवाय लग्नात नाव बदलण्याची रीत असल्याने माईंचे माहेरचे नाव घरात कोणालाच माहीत नव्हते. नातीला ते त्या दुपारी, ओव्हनसमोर, पहिल्यांदा कळले. तवसळी माईंना आईकडून आली, आईला तिच्या आईकडून. मग नातीने वहीत तवसळीच्या वाटेने वर जाणारी बायकांची वंशावळ लिहायला घेतली.

केवळ कामांनी आणि गप्पांनी नैराश्य बरे होते असा दावा मी करणार नाही. ते तीव्र असेल, झोप आणि भूक उडाली असेल, जगणे नकोसे झाल्याचे बोलणे येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची गरज असते. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. परंतु सौम्य अवस्थेत वेळेवर मिळालेल्या साध्या आधाराने फरक पडतो, याचा पुरावा आपल्या गोव्यातच आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या येथील एका अभ्यासात नैराश्याच्या उंबरठ्यावरील ६० वर्षांवरील १८१ व्यक्ती होत्या. ज्या ९१ जणांना प्रशिक्षित सामान्य कार्यकर्त्यांनी अडचणी सोडवण्याचे आणि झोप सुधारण्याचे मार्ग शिकवले, त्यांपैकी वर्षभरात ४ जणांना नैराश्याने गाठले. नेहमीचीच सेवा मिळालेल्या ९० जणांपैकी १३ जणांना. ते कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, ही बाब मला कुटुंबांना मुद्दाम सांगावीशी वाटते.

माईंची प्रश्नावली तीन महिन्यांनी पुन्हा भरली तेव्हा गुण सुधारले होते. दिवेलागणीला त्या अजूनही गप्प होतात, कारण यजमान त्या वेळी गावाकडच्या घरी परतत असत. ते दुःख आहे आणि त्याला उपचार लागत नाही, शेजारी कोणीतरी बसलेले लागते. सून आता त्या वेळी भाजी निवडायला त्यांच्याजवळ बसते. चवथीला गणपतीवर फळाफुलांची जी माटोळी बांधतात तिच्यासाठी तवसे कोणते आणि तवसळीसाठी कोणते ठेवायचे, हे या वर्षी माईंनी ठरवले.

नातीच्या वहीत चार नावे झाली आहेत. पाचवीचे फक्त गाव कळले आहे, नावाची जागा मोकळी आहे. माईंची एक वृद्ध मावसबहीण कुंभारजुव्यात असते, तिला कदाचित माहीत असेल, म्हणून येत्या रविवारी सगळे तिच्याकडे जाणार आहेत. सोबत न्यायची तवसळी शनिवारी संध्याकाळी भाजायची ठरली आहे.