ई-विटारासाठी थांबावे का, आणि ५४३ किलोमीटर खरेच मिळतील का?

तुम्ही पुण्यात राहता, रोज ४० किलोमीटर गाडी चालवता, महिन्यातून एकदा कोल्हापूरला आणि अधूनमधून मुंबईला जाता; मारुती सुझुकीच्या ई-विटारा या इलेक्ट्रिक गाडीसाठी थांबावे का, एका पूर्ण चार्जवरचे तिचे ५४३ किलोमीटर खरे मानावेत का, सोसायटीत चार्जिंग कसे जमवावे आणि बॅटरी किती टिकेल, असे तुम्ही विचारले आहे. मी हे डिसेंबर २०२५ मध्ये लिहीत आहे. कंपनीने २ डिसेंबरला गाडीचा तपशील जाहीर केला, किंमत मात्र अजून सांगितलेली नाही. मी स्वतः तीन वर्षे पुण्यातच दुसरी, याहून लहान बॅटरीची इलेक्ट्रिक गाडी चालवतो, एवढ्याच अधिकाराने उत्तर देत आहे.

५४३ हा आकडा ६१ युनिट (किलोवॅट-तास) वीज साठवणाऱ्या मोठ्या बॅटरीचा आणि भारतीय चाचणीतला आहे. त्या चाचणीत वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जातच नाही. गुजरातेतील हंसलपूरच्या कारखान्यात तयार होणारी हीच गाडी युरोपातही जाते, आणि तिथल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत, जिथे वेग ताशी १३० पर्यंत नेला जातो, ६१ युनिटांवर सुमारे ४२६ किलोमीटर आणि ४९ युनिटांच्या लहान बॅटरीवर सुमारे ३४४ किलोमीटर भरतात. अशा वेळी मी नेहमी युरोपचा आकडा धरतो आणि एसी, सामान व महामार्गाचा वेग यांपोटी त्यातूनही काही वजा करतो. माझ्या हिशोबाने ताशी १०० च्या वेगाने मोठ्या बॅटरीवर साडेतीनशेच्या आसपास मिळावेत, आणि तळाशी थोडी शिल्लक ठेवायची म्हटली तर तीनशे. कोल्हापूरचे साधारण २३० किलोमीटर त्यात निर्धास्त बसतात. लहान बॅटरीत ते बसतील, पण कराड मागे पडल्यावर नजर रस्त्यापेक्षा टक्क्यांवरच अधिक राहील.

घाटाची धास्ती बरेच जण घेतात, म्हणून तोही हिशोब मांडतो. खोपोलीहून लोणावळ्याला येताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर चढते. माणसांसह २,१०० किलो वजन एवढे वर न्यायला नेहमीच्या खर्चाखेरीज तीनेक युनिट लागतात, म्हणजे सपाटीवरच्या १७-१८ किलोमीटरांएवढी वीज. मुंबईकडे उतरताना मोटर जनित्रासारखी चालते आणि त्यातला बराच भाग बॅटरीत परत येतो. द्रुतगती मार्गावर वेगमर्यादा मोडून पळवणे बॅटरीला घाटापेक्षा महाग पडते, आणि तो खर्च कोणत्याही उतारावर वसूल होत नाही.

तुमची खरी अडचण मात्र गाडीत नसून पार्किंगमध्ये असण्याचा संभव अधिक आहे. रोजच्या ४० किलोमीटरांना सातेक युनिट पुरतात, आणि तेवढी वीज १५ अँपिअरच्या साध्या प्लगवरही अडीच-तीन तासांत भरते. ७ किलोवॅटच्या भिंतीवरच्या चार्जरवर पूर्ण बॅटरीला नऊ तासांच्या आसपास लागतील. प्रश्न तो प्लग तुमच्या जागेपर्यंत आणण्याचा आहे. आमच्या सोसायटीत कोणी आगीची शंका काढली, कोणी ट्रान्सफॉर्मरवरच्या भाराची, आणि परवानगीसाठी मला सात महिने थांबावे लागले. शेवटी महावितरणकडून माझ्या नावे वेगळा मीटर घेतला, मीटरखोलीपासून पार्किंगपर्यंतची केबल स्वखर्चाने टाकली, परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून अर्थिंग तपासून घेतले, आणि मगच विरोध मावळला. वीज माझ्या मीटरवर येते हे कळल्यावर आगीबद्दलही कोणी फारसे बोलले नाही, याची मला अजून गंमत वाटते.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची आहे. ती निकेलच्या बॅटरीपेक्षा जड असते, पण उष्णता अधिक सोसते आणि अधिक वेळा चार्ज करता येते. तुमच्या वापरात वर्षाला साठेक पूर्ण चार्ज होतील, आणि या प्रकारच्या सेलकडून दोन हजारांहून अधिकांची अपेक्षा ठेवता येते. आपल्याकडे बॅटरीची वॉरंटी सहसा ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर असते. मात्र क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळेल, हे लेखी मागा.

राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणामुळे पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर टोल माफ आहे, कोल्हापूरच्या राष्ट्रीय महामार्गावर तो भरावाच लागेल. कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट मिळेल, असे एखाद्या विक्रेत्याने सांगितले तर विश्वास ठेवू नका. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती.

सध्याची गाडी नीट चालत असेल, तर किंमत जाहीर होईपर्यंत जरूर थांबा, आणि तोवर क्रेटा इलेक्ट्रिक, कर्व्ह ईव्ही व बीई ६ चालवून पाहा. घरातल्या सर्वांत उंच माणसाला प्रत्येक गाडीत मागे बसवून बघा. सोसायटीकडचा अर्ज मात्र याच आठवड्यात द्या.